रंग येतो, चव येत नाही: लालबागमधल्या एका चहापत्तीच्या दुकानाचं प्रकरण

2023 च्या मे महिन्यातली दुपार. त्या दिवसांत लालबागच्या मसाल्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. बेडगी, लवंगी, धणे, दगडफूल, सगळ्याचा खकाणा एकदमच नाकात जातो. घोडबंदर रोडवरून वर्षाचा मसाला कुटून न्यायला आलेल्या एक ताई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चहाच्या दुकानाशी थांबल्या. दरवर्षीप्रमाणे सहा किलो पत्ती घेतील म्हणून भाऊंनी तराजूकडे हात नेला होता. ताई म्हणाल्या, "भाऊ, दोनच किलो द्या. तुमची पत्ती आता पूर्वीसारखी राहिली नाही. रंग येतो, चव येत नाही."

मी तिथेच बाकड्यावर बसलो होतो. मी कॉलेजात मार्केटिंग शिकवतो, आणि या दुकानाचं गिऱ्हाईक त्याच्याही आधीपासून आहे. भाऊ काही बोलले नाहीत. दोन किलो मोजून दिली, वर नेहमीची मूठभर घातली. ताई गेल्यावर मला म्हणाले, "मास्तर, यंदाच्या मोसमातली ही पहिली नव्हे. काय करायचं, तुम्हीच सांगा." पुढची सव्वा वर्षं आम्ही त्याचाच पाठपुरावा केला. दुकानाचं नाव छापायचं नाही, ही भाऊंची अट आहे. बाकी जसं झालं तसं सांगतो.

दुकान आणि त्याचं गिऱ्हाईक

दुकान तिसऱ्या पिढीकडे आहे. भाऊंचे आजोबा सातारा भागातून आले, आधी गिरणीत लागले, मग फुटकळ चहा विकू लागले. गिरण्यांच्या तीन पाळ्या म्हणजे चहाच्याही तीन पाळ्या. खानावळी, कँटीन, नाक्यावरची हॉटेलं यांना बारीक डस्ट लागायची, कारण ती झटकन रंग सोडते आणि एका किलोत जास्त कप निघतात. चाळीतल्या बिऱ्हाडांना मामरी. मामरी म्हणजे दाणेदार सीटीसी चहा. पत्ती कात्रून, फाडून, गोळी वळवण्याची ही पद्धत 1930 च्या सुमारास आसाममध्ये निघाली आणि स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत तिने देशातला जवळजवळ सगळा चहा आपल्याकडे ओढला. दूध घालून उकळायच्या चहाला दुसरं काही जमतच नाही म्हणा ना.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि डस्टचा धंदा बसला तो बसलाच. तगून राहिली ती बिऱ्हाडं. पुढे चाळींचे टॉवर झाले, माणसं कल्याण, विरार, घोडबंदरला गेली. पण मसाला कुटायला एप्रिल-मेमध्ये लालबागलाच यायची, आणि त्या फेरीत वर्षाची पत्तीही न्यायची. गिऱ्हाईक पन्नास किलोमीटर लांब गेलं तरी सुटलं नाही, हे या दुकानाचं मोठं नशीब. पण त्यामुळेच ते गिऱ्हाईक आता कसल्या घरात राहतं, हे बघायची गरज भाऊंना कधी पडली नाही.

दुकानात तीनच माल: मामरी, बारीक आणि मिश्र. मिश्रचं प्रमाण वडिलांनी एका निळ्या वहीत लिहून ठेवलेलं. माल मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याकडून येतो. तो गुवाहाटी, सिलिगुडी, कोलकात्याच्या लिलावातला. नवीन लॉट आला की भाऊ सकाळी दुकानातल्या स्टोव्हवर चहा करून चव बघतात. तबेल्याचं म्हशीचं दूध, नळाचं पाणी, एक उकळी, दुसरी उकळी, झाकण. त्या परीक्षेत पास झाला तरच माल गल्ल्यापुढे येतो. मी ती चव कित्येक वर्षं घेतोय. तिच्यात काही बदल झालेला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

मग ताई खोटं बोलत होत्या का?

सगळ्यांकडे उत्तर तयार होतं

भाऊंच्या मुलीने जाहिरात क्षेत्रात काही वर्षं काढली आहेत. तिचं म्हणणं होतं, "बाबा, लोकांची चवच बदललीय. पत्ती विकू नका, कप विका." बोलायला तिच्याकडे आधार होता. चाय पॉइंट 2010 मध्ये बंगळुरूत निघालं, चायोस 2012 मध्ये दिल्लीकडे. दोघांनी दाखवून दिलं की ऑफिसातला माणूस चहाला कॉफीइतके पैसे देतो. पुण्याच्या अमृततुल्यांच्या साखळ्या मुंबईच्या उपनगरांत नाक्यानाक्यावर आल्या. पत्ती विकणाऱ्या मोठ्या कंपन्याही बैठक मांडून बसल्या: वाघ बकरीचे टी लाउंज, वांद्र्यात ताजमहालचं टी हाउस. मुलीने एका साखळीचं फ्रँचायझीचं पत्रकही आणलं होतं.

मालवाल्या व्यापाऱ्याचं म्हणणं वेगळं. त्याच्या मते आता दिवस ग्रीन टीचे, तुळशी-आल्याच्या डिप बॅगचे, प्रीमिक्सचे. भाऊंच्या धाकट्या भावाला वाटायचं, पॅकेटवाल्यांनी आपल्याला मारलं, भाव कमी करा. आणि मला, खरं सांगायचं तर, पुस्तकी उत्तर सुचत होतं: तरुण ग्राहक, नवं पॅकिंग, सोशल मीडिया.

इथे थोडं थांबून मोठ्या बाजाराकडे बघायला हवं, कारण 'ट्रेंड' या शब्दाने माणसं फार घाबरतात. युनिलिव्हरने नोव्हेंबर 2021 मध्ये आपला जागतिक चहाचा धंदा साडेचार अब्ज युरोंना विकायचा करार केला, कारण पाश्चात्त्य देशांत काळ्या चहाची मागणी खाली चालली होती. पण त्या विक्रीत भारतातला धंदा नव्हता. रेड लेबल आणि ताजमहाल त्यांनी ठेवून घेतले. भारतात पिकणाऱ्या चहातला सुमारे 80 टक्के चहा भारतातच पितात. तरीही टी बोर्डाच्या पाहणीनुसार दरडोई वापर वर्षाला पाऊण किलोच्या किंचित वर आहे. तुर्कस्तानात तोच तीन किलोंच्या आसपास. म्हणजे इथला माणूस चहा सोडत नाहीये. तो कुठे, कोणत्या भांड्यात आणि कशात घालून पितो, तेवढंच हललंय.

आणि चहा ही 'आपली जुनी चव' असल्याच्या गप्पाही जरा जपून माराव्यात. 1903 च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला, त्या पैशातून पुढे गावोगावी फुकट चहा पाजून, स्टेशनांवर एनॅमलच्या पाट्या लावून, पाणी किती, पत्ती किती हे शिकवून आपल्या आजोबांना चहा लावला गेला. आपली ही सवय मुळात एका मोठ्या मार्केटिंग मोहिमेचं फळ आहे. त्या मोहिमेत माल विकण्याआधी तो कसा करायचा ते दाखवलं जात होतं, ही गोष्ट मला नंतर फार उपयोगी पडली.

वही

फ्रँचायझीचं पत्रक बाजूला ठेवून आम्ही एक दोनशे पानी वही आणली. तक्रार करणाऱ्या किंवा कमी माल घेणाऱ्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारायच्या: दूध कुठलं, पाणी कुठलं, एका वेळी किती कप. भाऊंना आधी लाज वाटली. "गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात कशाला डोकवायचं?" पण चहाचा विषय निघाला की बायका आणि पुरुषही उत्साहाने बोलतात, हे दोन दिवसांत कळलं. दूध विचारलं की सासूपर्यंतची हकीकत यायची.

ही वही म्हणजे शास्त्रीय पाहणी नव्हे. गल्ल्याशी उभं राहून घाईत घेतलेल्या नोंदी आहेत. पण पावसाळा संपेपर्यंत पानं उलटताना एक गोष्ट डोळ्यांत भरायला लागली. लालबाग, परळ, करी रोडला अजून राहणारी माणसं क्वचितच तक्रार करत होती. तक्रार यायची ती लांबून येणाऱ्यांची. त्यांच्यातही 'कडक लागतो, तुरट लागतो' म्हणणारे एकीकडे आणि 'रंग येतो, चव येत नाही' म्हणणारे दुसरीकडे. पहिल्यांच्या घरी पिशवीतलं टोन्ड दूध. दुसऱ्यांच्या सोसायटीत टँकर.

हे वाचून मी भाऊंना म्हणालो, पुढच्या खेपेला येणाऱ्या तिघा-चौघांना आपल्या घरच्या पाण्याची बाटली आणायला सांगा. लोकांनी आणली! एका गृहस्थांनी तर पाच लिटरचा कॅन आणला.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही चहा केला. एकाच डब्यातली मिश्र पत्ती, चमच्याचं माप एक, उकळ्या मोजून. एका पातेल्यात दुकानाच्या नळाचं पाणी आणि म्हशीचं दूध. दुसऱ्यात तेच पाणी, पण टोन्ड दूध. तिसऱ्यात घोडबंदरच्या ताईंकडचं टँकरचं पाणी आणि म्हशीचं दूध. चौथ्यात टँकरचं पाणी आणि टोन्ड दूध. त्याशिवाय चारही पाण्यांचा, म्हणजे नळ, टँकर, विरारची बोअर आणि एका घरच्या आरओ मशीनचं, कोरा चहा काचेच्या ग्लासात ओतून खिडकीत ठेवला.

खिडकीतल्या ग्लासांकडे बघूनच भाऊ गप्प झाले. नळाच्या पाण्यातला चहा तांबूस, आरपार. आरओचा त्याहून झगझगीत, पण जिभेवर टोचणारा. टँकर आणि बोअरचा काळपट, मळका, आणि दहा मिनिटांत वर तवंग. चव घेतली तर सपक. ताईंचं वाक्य शब्दाशब्दाने खरं होतं: रंग आला होता, चव आली नव्हती.

यामागचं कारण गूढ नाही. मुंबईचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा या तलावांचं, पावसाचं साठवलेलं. त्यात क्षार कमी. टँकर बहुधा विहिरी-बोअरवरच भरतात, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त. बायकार्बोनेटमुळे चहाचा अर्क अल्कधर्मी होतो, त्यातली तांबूस झळाळी मरून तपकिरी काळेपणा येतो, आणि ज्याला व्यापारी 'ब्रिस्क' म्हणतात तो जिभेला जागं करणारा गुण जातो. वर जो तवंग धरतो तो कॅल्शियम आणि चहातल्या द्रव्यांचा. लिंबू पिळल्यावर चहा फिका का पडतो, त्याचीच ही उलटी बाजू. दुधाचंही तसंच. टोन्ड दुधात स्निग्धांश 3 टक्के, फुल क्रीममध्ये 6. म्हशीच्या दुधात प्रथिनंही जास्त, आणि दुधातलं प्रथिनच चहाच्या तुरटपणाला धरून ठेवतं. दूध पातळ झालं की तीच पत्ती तोंडाला चिकटते. चहाच्या मळ्यांशी व्यवहार करणाऱ्या मोठ्या ब्लेंडरांना, म्हणजे वेगवेगळ्या पत्त्यांचं मिश्रण करून विकणाऱ्यांना, हे शंभर वर्षं ठाऊक आहे. ते पाण्यानुसार, प्रांतानुसार वेगळा ब्लेंड करतात. आपल्या गल्लीत एवढंच कुणाच्या लक्षात नव्हतं की आता एकाच शहरात चार प्रांत झालेत.

भाऊ रोज सकाळी ज्या स्टोव्हवर माल पास करत होते, ते 1985 सालचं लालबागचं स्वयंपाकघर होतं. गिऱ्हाईक मात्र त्या स्वयंपाकघरातून उठून गेलं होतं.

पर्याय तोलताना

कॅफेचा विषय लवकर संपला. फ्रँचायझीची रक्कम, डिपॉझिट, लालबागचं भाडं आणि दोन पोरांचा पगार मांडल्यावर मुलीनेच पत्रक परत पिशवीत टाकलं. शिवाय तिथे पत्ती साखळीची घ्यावी लागते. म्हणजे तीन पिढ्यांचं कसब घरी ठेवायचं आणि दुसऱ्याची पूड उकळायची. भाऊंना तेवढंच लागलं.

ग्रीन टीवर मात्र आम्ही पैसे घालवले, आणि ते सांगायला हवं. व्यापाऱ्याच्या आग्रहाने दोन पेट्या घेतल्या. गिऱ्हाइकांनी कौतुकाने पाव-पाव किलो नेली, घरी नेऊन आलं घालून खळाखळा उकळली, आणि परत येऊन म्हणाली कडू आहे. ऐंशी अंशांच्या आसपासचं पाणी आणि दोन-तीन मिनिटं, ही शिस्त आपल्या गॅसला माहीत नाही. उरलेली पेटी दमट हवेत मऊ पडली. ज्याला ग्रीन टी खरोखर प्यायचा आहे तो डिप बॅगचा खोका मोबाइलवरून दहा मिनिटांत मागवतो, त्यासाठी लालबागला येत नाही.

भाव कमी करण्याचं गणित फळ्यावर मांडण्याजोगं आहे. एका कपाला दोन ग्रॅम पत्ती आणि पत्तीचा भाव 400 रुपये किलो धरला तर कपातली पत्ती 80 पैशांची. त्याच कपात 40 मिलिलिटर दूध 70 रुपये लिटरने घातलं तर 2 रुपये 80 पैसे. साखर पस्तीस-चाळीस पैसे. कपातला मोठा खर्च दुधाचा, पत्तीचा नव्हे. किलोमागे 40 रुपये उतरवले तर गिऱ्हाइकाचे कपामागे 8 पैसे वाचणार, आणि दुकानाचा नफा उडणार. उलट, चव सुधारण्यासाठी किलोमागे 60 रुपये चढवले तरी कपाला 12 पैसेच. हे गणित धाकट्या भावाला पटायला दोन चहा लागले, पण पटलं. अडचण किमतीची नव्हतीच. गिऱ्हाइकाला पत्तीचा किलोचा आकडा दिसतो, कपाचा दिसत नाही.

मोठ्या पॅकेटवाल्यांशी टक्कर घ्यायचा विचार आम्ही केलाच नाही. त्यांच्याकडे जाहिरात आहे, दर महिन्याला तोच स्वाद देणारी ब्लेंडिंगची यंत्रणा आहे, प्रत्येक वाण्याच्या फळीवर जागा आहे. त्यांच्याकडे नाही ती एकच गोष्ट: काउंटरवर उभं राहून "तुमच्याकडे टँकर येतो का?" असं विचारणारा माणूस.

नाक्यावरच्या टपऱ्यांचं गिऱ्हाईक हा वेगळाच विषय. टाळेबंदीत लोअर परळची ऑफिसं ओस पडली तेव्हा भाऊंचे टपरीवाले गावाला गेले. परत आले ते सगळे नव्हेत. जे आले त्यांना हवा होता रंग, तोही लवकर आणि स्वस्त. बाजारात रंग चढवलेली पूडही मिळते. भाऊंनी ती कधी ठेवली नाही, पण आता त्यांनी काउंटरवरच एक ओला टिपकागद ठेवला. कुणी शंका काढली की चिमूटभर पत्ती त्यावर टाकायची, थोडं थांबून झटकायची, कागद नळाखाली धुऊन उजेडात धरायचा. शुद्ध पत्तीने डाग फार पडत नाही, रंगवलेलीचा कागदभर पसरतो. ही साधी चाचणी अन्न सुरक्षा प्राधिकरणच सांगतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त जाहिरात ती होती. लोक तो कागद बघायला थांबायचे.

काय केलं

2023 च्या दिवाळीला दुकानात तीनऐवजी पाच माल झाले. जुने तिन्ही तसेच. वडिलांच्या वहीला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. चौथा माल टँकर आणि बोअरच्या पाण्यासाठी: त्यात डस्ट कमी केली, आणि कोऱ्या अर्कात लखलखीत उतरणारा, जरा महागाचा आसामचा दाणा वाढवला. पाचवा टोन्ड दुधासाठी: मोठा दाणा जास्त, बारीक जवळजवळ नाही, म्हणजे तुरटपणा सावकाश उतरतो. प्रमाणं भाऊंनी ठरवली. सहा-सात वेळा बदलली. आता ते चव घेताना स्टोव्हशेजारी टोन्ड दुधाची पिशवी आणि टँकरच्या पाण्याचा कॅन ठेवतात. कॅन भरून आणायचं काम विरारला राहणाऱ्या नोकराकडे.

नावांवरून घोळ झाला. मुलीला इंग्रजी नावं हवी होती, मला 'कुटुंब' वगैरे शब्द असलेली. शेवटी भाऊंनी डब्यांवर खडूने लिहिलं: जुन्या मिश्रवर 'नळाचं पाणी', नव्या दोघांवर 'टँकरचं पाणी' आणि 'पिशवीचं दूध'. तीच नावं राहिली. गिऱ्हाईक डबा वाचून हसायचं आणि मग स्वतःच सांगायचं, आमच्याकडे काय आहे ते. त्याने वहीचं अर्धं काम वाचलं.

पुडीत बांधून देणं वेगळं आणि छापील पाकीट करणं वेगळं, हे भाऊंना तेव्हाच कळलं. पाकीट झालं की अन्न परवाना क्रमांक, बॅच, पॅकिंगची तारीख, निव्वळ वजन, एमआरपी, सगळं त्यावर हवं. "वडिलांनी रद्दीच्या कागदात धंदा केला," असं पुटपुटत त्यांनी छापखान्यात चार फेऱ्या मारल्या. पण 100 ग्रॅमच्या नमुना पाकिटाशिवाय गत्यंतर नव्हतं. वर्षाची पत्ती एकदम नेणाऱ्याने नवा माल सहा किलो कशाच्या भरवशावर न्यायचा? पाकिटाच्या मागे चार ओळी मराठीत: पाणी किती, पत्ती कधी घालायची, दूध कधी, आणि गूळ घालत असाल तर गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटेल. गुळाच्या चहाचं वेड तेव्हा जोरात होतं आणि फाटलेल्या दुधाचं खापरही पत्तीवरच फुटत होतं.

मुलीने चार ग्लासांचा तो खिडकीतला प्रयोग पुन्हा करून त्याची रील टाकली. बघितली पुष्कळांनी. कुठून कुठून लोकांनी विचारलं, दुकान कुठे, घरपोच देता का. त्यांतले थोडेच प्रत्यक्ष गिऱ्हाईक झाले, कारण कुरियरचा खर्च अर्धा किलो पत्तीला परवडत नाही. रीलचा खरा उपयोग झाला तो जुन्या गिऱ्हाइकांच्या कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे ती फिरली आणि सुनांनी सासूबाईंना दाखवली, की बघा, मला चहा करता येत नाही असं नाही, पाणीच तसं आहे. हे एका बाईंनी काउंटरवर आम्हाला सांगितलं तेव्हा भाऊ किती तरी दिवसांनी खदखदून हसले.

पुढे

2024 चा मसाल्याचा मोसम ही खरी परीक्षा होती. घोडबंदरच्या ताई दिवाळीनंतर नमुन्याचं पाकीट घेऊन गेल्या होत्या. मे महिन्यात आल्या तेव्हा 'टँकर'चे चार किलो नेले. सहावरून दोन, दोनवरून चार. उरलेले दोन का नाहीत, असं भाऊंनी विचारलं. मुलगा आता घरी चहा घेत नाही, ऑफिसात मशीनचा पितो, सून सकाळी डिप बॅग. घरात चहा पिणारी माणसंच चाराची दोन झालीत. याला कुठल्याच ब्लेंडमध्ये उत्तर नाही, आणि आम्ही ते शोधायचा आवही आणला नाही. दुकानाने मोठी पाकिटं कमी करून पाव आणि अर्ध्या किलोची वाढवली, इतकंच.

'पिशवीचं दूध' सर्वांत चांगलं चाललं. 'टँकर' ज्यांना लागू पडलं त्यांना पक्कं लागू पडलं, पण अनेकांना आपल्या सोसायटीत कुठलं पाणी येतं हेच माहीत नसतं. सेक्रेटरीला विचारून सांगतो म्हणून गेलेले काही अजून सांगताहेत. त्यातच 2024 मध्ये आसामात ऊन आणि पाऊस दोन्ही अवेळी झाले, देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे 139 कोटी किलोंवरून 128 कोटींच्या आसपास आलं, आणि लखलखीत दाणा महागला. 'टँकर'चा नफा जवळजवळ पत्तीतच विरघळला. भाऊंनी भाव थोडा चढवला, आणि पहिल्यांदाच पाटीवर किलोच्या भावाखाली कपाचा भाव लिहिला. पैशांतला तो आकडा बघून लोक भाव करायला विसरतात, असं त्यांचं निरीक्षण आहे.

एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. जून 2024 मध्ये महापालिकेने 10 टक्के पाणीकपात लावली. तलावांचंच पाणी पिणाऱ्या मुंबईतल्या काही टॉवरांतही टँकर आले, आणि ज्यांची कधी तक्रार नव्हती असे परळ-शिवडीचे लोक काउंटरवर येऊन म्हणू लागले, भाऊ, पत्ती बदललीत का? भाऊंनी वही काढली, पाण्याचा प्रश्न विचारला आणि त्यांना महिन्यापुरतं 'टँकर'चं पाकीट दिलं. म्हणजे माल माणसाप्रमाणेच नव्हे, मोसमाप्रमाणेही बदलायला हवा होता.

जुलैच्या शेवटी तलाव भरत आले, कपात मागे घेतली गेली. त्या संध्याकाळी मुलीने दुकानाच्या व्हॉट्सॲप यादीवर भाऊंच्या सांगण्यावरून एक निरोप टाकला: "तलाव भरले. टँकर बंद झाला असेल तर उद्यापासून जुनी मिश्र सुरू करा, अर्धा चमचा कमी घाला." शिवडी-परळकडून अंगठे आले, दोघा-तिघांनी ऑर्डर टाकली. घोडबंदरच्या ताईंचा रात्री उशिरा निरोप आला: "आमच्याकडे टँकर चालूच आहे. सोसायटीने शिवाय बोअर मारलीय. दोन्ही पाणी एकत्र येतं. त्याला कुठली पत्ती?"

भाऊंनी सकाळी तो निरोप मला वाचायला दिला, आणि विरारच्या पोराला सांगितलं की रविवारी घोडबंदरला जाऊन कॅन भरून आण.